रात्री-अपरात्री पाईप फुटला तर प्लंबर येईपर्यंत घरच्यांनी काय करायचं? (सांगली-मिरज-सातारा)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. स्वतःचं घर असणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय, बंगला असो, रो-हाऊस असो नायतर फ्लॅट. पाईप फुटला, नळ तुटून हातात आला, कमोड भरून वर आला, गीझर गळायला लागला आणि प्लंबर फोनवर म्हणतो सकाळी येतो. मग तोपर्यंत काय?

माझं म्हणणं एवढंच आहे की जे काही नुकसान होतं ते पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत होतं आणि त्या वेळेला घरात प्लंबर नसतो, घरात असते आई, आजी, दहावीतली पोरगी नायतर दुपारचे झोपलेले आजोबा. त्यामुळे पाणी बंद कुठं होतं हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे, घरातल्या एकाच पुरुषाला माहीत असून काही उपयोग नाही, तो नेमका कामावर असतो. आमच्या विश्रामबागला एका घरी जेट स्प्रेची नळी फुटली, घरात आजी आणि नात दोघीच, बाकी सगळे लग्नाला. पाणी जिन्यावरून खाली हॉलमध्ये, सोफा, गाद्या, धान्याची पोती सगळं भिजलं. त्या जेटच्या खालीच वीतभर अंतरावर अँगल कॉक, म्हणजे नळीला पाणी देणारा भिंतीजवळचा छोटा कॉक होता, तो फिरवला असता की विषय संपला. पण त्या दोघींना तो कुणी दाखवलाच नव्हता.

एक हिशोब बघा. फुटलेल्या अर्ध्या इंची लाईनमधून मिनिटाला १५ लिटरची एक बादली भरत असेल तर १००० लिटरची टाकी तासाभरात घरात उतरते. आणि मोटर ऑटोवर असेल, फ्लोट स्विचवाली, तर टाकी रिकामी होते तशी मोटर परत चालू होऊन खालच्या हौदातलं पाणी पण वर चढवते आणि तेही घरात येतं. म्हणून मोटरचा स्विच आधी बंद, मग जवळचा अँगल कॉक, तो सापडला नाही तर त्या बाथरूमचा भिंतीतला कॉक, तोही नसेल तर सरळ गच्चीवर जाऊन टाकीखालचा वॉल्व. तुमच्याकडे काय काय झालंय, काय उपाय चालला ते सविस्तर लिहा, सगळ्यांच्या उपयोगाला येईल.

गोडोलीकर

चांगला विषय घेतलात. साताऱ्याचं थोडं सांगतो. आमचं गाव उतारावर, वर समर्थ मंदिर, मंगळवार तळं आणि खाली गोडोली, सदर बझार. कास तलावाचं पाणी उतारानेच येतं त्यामुळे खालच्या भागात पाणी सुटलं की नळाला जोर भलताच असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) धरतात, आता उंची वाढेल तसं धरत जा. तीन मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी असेल तर तळमजल्याच्या नळ्यांवर एक किलोच्या आसपास दाब चोवीस तास आहेच. जेट स्प्रेच्या आणि वॉश बेसिनखालच्या प्लॅस्टिकच्या कनेक्शन नळ्या हा दाब रात्रंदिवस सहन करतात आणि एक दिवस नटाजवळ फाटतात. आमच्याकडे नियम केलाय, गावाला जाताना जेटचा अँगल कॉक आणि गच्चीवरचा वॉल्व बंद करूनच कुलूप लावायचं. नळीच्या नटाजवळ हिरवा-पांढरा क्षार दिसायला लागला की ती नळी बदलायची, फुटायची वाट बघायची नाही.

संभ्रमित_कुपवाड

आमच्या टाकीखाली चार वॉल्व आहेत. कुठला कशाचा हे बिल्डरने सांगितलंच नाही, आता कसं शोधायचं?

पाना_पक्कड

@संभ्रमित_कुपवाड दादा, सोपं हाय. मी मिरजेत हीच कामं करतो म्हणून सांगतो. रविवारी सकाळी एक माणूस गच्चीवर, एक खाली, फोन चालू ठेवायचा. वरचा एक वॉल्व बंद करा, खाली सगळे नळ उघडून बघा कुठलं पाणी गेलं. पाईपात राहिलेलं पाणी थोडा वेळ येत राहतं, घाई करू नका. कळलं की लगेच टाकीच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहायचं, स्वयंपाकघर, वरचं बाथरूम, सोलर. मार्करने लिहिलेलं उन्हात उडतंय. पाईपवर मात्र ऑइल पेंट मारू नका, ते प्लॅस्टिकला चालत नाही. पाईपला ऊन लागत असेल तर पाण्यातला ॲक्रेलिक रंग मारा, त्यानं उन्हापासून पाईप टिकतो, नायतर सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लॅस्टिकचा पाईप) उन्हात पडून पडून कडक होतो आणि धक्का लागला की तडकतो.

सोलरचं नीट ऐका कारण लई जण इथंच फसतात. सोलरला थंड पाणी देणारी लाईन बऱ्याच घरात टाकीतून वेगळी काढलेली असते, तिला वेगळा वॉल्व असतो. गरम पाण्याचा नळ तुटला आणि तुम्ही मेन म्हणून दुसराच वॉल्व बंद केला तर पाणी येतच राहणार, तेही कढत. गरम लाईन फुटली तर सोलरचा थंड इनलेट बंद करायचा, आणि हात लावताना जाड फडकं घ्या.

मिरजेची_मावशी

पाना दादा, तुम्ही म्हणता ते सगळं बरोबर आहे पण माझं वय सत्तरीकडे झुकलंय, गुडघ्यामुळं गच्चीवर चढता येत नाही आणि एकदा कसंबसं गेले तर तो गोल चाकाचा वॉल्व हलता हलेना. मुलगा पुण्याला. माझ्यासारखीनं काय करायचं ते कुणीतरी सांगा.

पाना_पक्कड

मावशी, तुमच्यासाठीच दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही अवघड नाहीत.

पहिलं, टाकीवरनं येणारा उभा पाईप जिथं खाली हाताशी येतो, म्हणजे जिन्यापाशी किंवा मागच्या बोळात, तिथं कंबरेच्या उंचीला एक बॉल वॉल्व बसवून घ्या. एकच पाईप सगळ्या घराला असेल तर एकच वॉल्व पुरतो, वेगवेगळे असतील तर निदान बाथरूमच्या लाईनला तरी. बॉल वॉल्वला दांडी असते, दांडी पाईपच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद, पाव फेरीचं काम. लहान मुलालासुद्धा बघताक्षणी कळतं चालू आहे का बंद ते. बसवताना दांडी फिरायला भिंतीपासून जागा सोडली का ते बघा, माझ्या बघण्यात अशा लई जागा हायत की दांडी भिंतीला अडते आणि वॉल्व अर्धाच बंद होतो.

दुसरं, तो गोल चाकाचा गेट वॉल्व. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. वॉल्व वर्षानुवर्षं फिरवलाच नाही तर आत क्षार बसून जाम होतो. मग पाईप फुटतो त्या दिवशी कुणीतरी मोठा पाना लावून जोर करतं आणि स्पिंडल, म्हणजे चाकाची आतली दांडी तुटते, का तर दात झिजलेले असतात. स्पिंडल तुटली की आतली झडप कुठं आहे ते कळत नाही आणि आता खरंच पाणी बंद करायची सोय राहिली नाही. म्हणून जोर नाही करायचा. गंज सोडवायचा स्प्रे मारून थोडा वेळ थांबायचं, मग थोडं उघडायच्या बाजूला, थोडं बंद करायच्या बाजूला असं हळूहळू खेळवायचं, सुटतो. सुटल्यावर महिन्यातनं एकदा पूर्ण बंद, पूर्ण चालू करायचा. आणि पूर्ण उघडल्यावर अर्धा आटा मागं घेऊन ठेवायचा म्हणजे उघड्या अवस्थेत जाम होत नाही. चाकाच्या मानेतून पाणी झिरपायला लागलं तर घाबरू नका, तिथला नट थोडासा आवळला की थांबतं.

आता वॉल्व बंदच होईना तर? मोटर बंद, टाकीचं झाकण काढायचं, एका काठीला जाड फडकं घट्ट गुंडाळून टाकीच्या आतून आउटलेटच्या तोंडावर दाबायचं. पाण्याच्या ओढीनंच ते तिथं बसून राहतं. फडक्याला दोरी बांधून दोरीचं टोक बाहेर ठेवा, नायतर फडकं पाईपात गेलं की पुढचं काम वाढलं. टाकीत उतरायचं नाही, वाकून हाताशी येत नसेल तर सोडून द्या, खालचे सगळे नळ बाहेर अंगणाकडं सोडून टाकी रिकामी करा, पाणी गेलं तर गेलं.

हळद_पेठ

आमच्याकडे घरात कायम एक डबा असतो, त्यात सायकलची जुनी ट्यूब, बाइंडिंग वायर, टेफ्लॉन टेप, अर्धा इंची दोन डम्या (पाईपचं तोंड बंद करायची आट्याची बुचं), एक स्क्रू पाना, वायसर, आणि एम-सील. नळ तुटला तर वॉल्व बंद करायचा, तुटलेला नळ काढायचा, डमीला टेफ्लॉन गुंडाळून तिथं बसवायची आणि वॉल्व परत चालू, बाकी घराला पाणी सुरू. प्लंबर निवांत दोन दिवसांनी आला तरी चालतं.

शाहूपुरी_सातारा

@हळद_पेठ डम्यांचं एकदम पटलं. एक भर, टेफ्लॉन आट्याच्या दिशेनं गुंडाळायचा, म्हणजे आटे तुमच्याकडे तोंड करून धरले तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, उलटा गुंडाळला तर आवळताना निघून येतो. आणि सीपीव्हीसीच्या प्लॅस्टिकच्या आट्यात जोर लावून आवळू नका, कॉलर तडकते. शक्य असेल तिथं पितळी आट्याचं फिटिंग बसवून घ्या.

पण एम-सीलबद्दल मला शंका आहे, आमच्याकडे गळत्या पाईपवर लावलं होतं, टिकलं नाही.

हळद_पेठ

आमच्याकडे तीन वर्षं झाली एका जागेवर आहे अजून.

पाना_पक्कड

दोघांचंही खरं हाय. पाणी बंद करून, पाईप कोरडा करून, पॉलिश पेपरनं खरबरीत करून लावलं आणि वाळू दिलं तर एम-सील धरतंय. पाणी वाहत असताना ओल्यावर थापलं तर दाबानं उचलून टाकतंय. चालू पाण्याला सायकलची ट्यूब बरी. लोखंडी जीआय पाईपला गंजून बारीक भोक पडलं असेल तर ट्यूबची लांब पट्टी कापायची, भोकाच्या चार बोटं अलीकडून सुरुवात करून ताणून ताणून एकावर एक वेढे द्यायचे आणि वरनं बाइंडिंग वायरनं आवळायचं. ताण महत्त्वाचा, सैल गुंडाळली तर पाणी खालनं वाट काढतंय. मोठा क्लॅम्प असेल तर ट्यूबचा तुकडा आत ठेवून क्लॅम्प आवळा, अजून चांगलं. पण हे सगळं सकाळपर्यंतच. जीआय एका जागी गंजला म्हणजे शेजारचा पाईपही आतून गेलेला असतो, तेवढाच तुकडा बदलून भागत नाही, आणि भिंतीतला असेल तर सगळी लाईनच बदलायचा विचार करा.

सीपीव्हीसीला उभी चीर पडली असेल तर गुंडाळण्याच्या नादाला लागू नका, तेवढा भाग कापून कपलर (जोडतुकडा) टाकावा लागतो. सोल्युशन (पाईप चिकटवायचा गम) पण कोरड्यावरच धरतं, वरनं पाणी ठिबकत असताना लावलं की जॉइंट निसटणार. सीपीव्हीसीला सीपीव्हीसीचंच सोल्युशन, पांढऱ्या यूपीव्हीसीचं नाही. आणि लावल्यावर लगेच पाणी सोडू नका, डब्यावर लिहिलेला वेळ पाळा, थंडीत जास्त वेळ लागतो.

नळ भिंतीत तुटून आटे आत राहिले असतील तर मात्र घरी खटाटोप नको. वॉल्व बंद केला तरी थोडं पाणी येत राहिलं तर लाकडी खुंटी कापडात गुंडाळून तिथं ठोका, जोरात नाही, भिंतीतला एल्बो (वळणाचा जोड) फुटला तर टाईल्स फोडाव्या लागतात.

वायरमन_जयसिंगपूर

सगळे पाण्याबद्दल बोलताय, विजेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, हे सगळ्यात आधी वाचा. स्लॅबमधून पाणी ट्यूबलाईटवर, पंख्यावर, बोर्डवर यायला लागलं तर पहिला हात मेन स्विचकडे गेला पाहिजे, पाण्याच्या वॉल्वकडे नंतर. पण मेन स्विचपर्यंत जायला पाण्यात उभं राहावं लागत असेल तर जायचं नाही, बाहेरच्या मीटरजवळचं कटआउट किंवा एमसीबी बाहेरून पाडायची, तेही जमत नसेल तर घरातली माणसं बाहेर काढायची आणि महावितरणला फोन. साध्या एमसीबीवर विसंबू नका, ती शॉर्ट झालं किंवा लोड वाढला तर पडते, माणसाला शॉक बसला तर पडेलच असं नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लगेच पडणारा स्विच) लागते. तिला टेस्ट बटन असतं, अधूनमधून दाबून बघा पडते का.

पीओपीच्या छतात पाणी साठून पोटासारखं फुगलं असेल तर वीज बंद केल्यावर, बाजूला उभं राहून, लांब काठीच्या टोकाला खिळा लावून एक लहान भोक पाडा आणि खाली टब ठेवा. सगळं छत एकदम खाली येण्यापेक्षा एका जागेतून पाणी काढलेलं बरं. आणि खालून मुलं, म्हातारी माणसं आधी हलवा.

फ्लॅटवाला_राधिकारोड

आमच्या छतातून वरच्यांच्या बाथरूमचं पाणी येतंय, वरचे म्हणतात सोसायटीचा खर्च, सोसायटी म्हणते वरच्यांचा. कुणाचा?

शाहूपुरी_सातारा

सोसायटी नोंदणीकृत असेल तर उपविधी काढून वाचा. साधारण असं की गच्चीची गळती, पावसाचं पाणी, इमारतीच्या बाहेरून जाणारे सामाईक पाईप आणि ड्रेनेज हे सोसायटीकडे, आणि फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती त्या सभासदाकडे. पण भांडण नंतर. आधी वरच्यांना सांगून त्यांचं बाथरूम दोन दिवस कोरडं ठेवा, ठिबक थांबली तर न्हाणी ट्रॅप (बाथरूमच्या फरशीतली जाळीची मोरी) किंवा फरशीच्या सांध्यातून येतंय, थांबली नाही तर पाण्याची चालू लाईन गळतीय. एवढं कळलं तरी फोडाफोडी अर्ध्याने कमी होते. आणि फोटो तारखेसकट ठेवत जा.

गावभाग

मी सांगलीच्या गावभागातला. आमची इमर्जन्सी वेगळी असते, ती पाईप फुटून येत नाही, नदीकडून येते. २०१९ च्या ऑगस्टला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये पण ५४-५५ पर्यंत आलं. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५ हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. पण ज्यांनी पूर बघितला नाही त्यांना एक गोष्ट कळत नाही, पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून आणि कमोडमधून वर येतं. ड्रेनेजचं पाणी जिथं सोडलेलं असतं तिथली पातळी तुमच्या चेंबरपेक्षा वर गेली की लाईनमधून पाणी उलटं फिरतं. उंबऱ्याला वाळूची पोती लावून बसलेल्यांच्या घरात मागून संडासातून घाण पाणी आलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

त्यामुळे पातळी चाळिशीकडे चालली की आम्ही ही कामं करतो. जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत वाळू भरून, तोंड घट्ट बांधून, एक कमोडच्या भांड्यात दाबून बसवायची, एक न्हाणी ट्रॅपवर ठेवायची आणि त्यावर पाटा-वरवंटा, सिलिंडर, जे जड असेल ते. एकदा हे बंद केलं की घरात अंघोळ-धुणी नाही कारण तुमचंच पाणी बाहेर जाणार नाही. घराच्या शेवटच्या चेंबरनंतर नॉन रिटर्न वॉल्व बसवून घेता येतो, ज्यांनी बसवलाय त्यांना बराच उपयोग झालाय, पण त्याची झडप मे महिन्यात उघडून साफ करावी लागते, त्यात कपडा, केस अडकले तर ती बंदच होत नाही.

हौदाची मोटर काढून वरच्या मजल्यावर न्यायची. मोटरच्या दोन्ही बाजूंना युनियन (पाईप न कापता सुटणारा जोड) असेल तर पाना लावला की पाच-दहा मिनिटांत सुटते, नसेल तर पाईप कापावा लागतो, म्हणून युनियन आत्ताच बसवून घ्या. गच्चीवरची टाकी आधीच गच्च भरून ठेवायची, पुराच्या दिवसांत पाणी तेच. पूर ओसरल्यावर हौदातलं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी सगळं उपसून, घासून, ब्लीचिंगच्या पाण्यानं धुऊनच परत भरायचा आणि पुढचे काही दिवस पिण्याचं पाणी उकळूनच. मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) आरोग्य केंद्रात मिळतं, बाटलीवरच्या मापानेच टाका.

कृष्णाकाठ

@गावभाग फार मोलाचं लिहिलंत, धन्यवाद. शामरावनगरवाल्यांना पण हे उपयोगी पडेल, तिथं नदी लांब असली तरी पावसाचं पाणीच साचून राहतं आणि ड्रेनेज तुंबतं.

तासगाव_रोड

मोरी तुंबली तर सरळ ॲसिड ओता, अर्ध्या तासात मोकळी. आम्ही कायम तेच करतो.

डॉक्टरीणबाई

@तासगाव_रोड कृपया असा सल्ला देऊ नका. मी तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना चालवते, बंद बाथरूममध्ये ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकून, श्वास कोंडून आलेले पेशंट मी बघितलेत. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. दुकानातल्या ड्रेन क्लीनरमध्ये बहुतेक वेळा कॉस्टिक असतं, त्यावर ॲसिड टाकलं तर उसळून तोंडावर येतं. आणि तुम्ही काही ओतलं असेल तर प्लंबरला ते आल्या आल्या सांगा, तो बिचारा ट्रॅप उघडतो आणि हातावर, डोळ्यात जातं. डोळ्यात गेलंच तर वाहत्या साध्या पाण्यानं कमीत कमी पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि धुतल्यावर दवाखाना गाठा, चोळू नका.

तासगाव_रोड

ताई, ब्लीचचं हे खरंच माहीत नव्हतं. मग करायचं काय?

पाना_पक्कड

बेसिन असेल तर खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅप हातानं फिरवून काढा, घाण बहुतेक त्यातच असते. नसेल तर रबरी पंप मारा, पण बेसिनच्या वरच्या कडेला जे ओव्हरफ्लोचं भोक असतं त्यात ओलं फडकं कोंबा, ते उघडं राहिलं तर सगळा जोर तिथनं निघून जातो आणि लोक म्हणतात पंप काम करत नाही. कमोड तुंबला तर परत फ्लश दाबायचा नाही, आधी फ्लशच्या टाकीचा अँगल कॉक बंद.

आणि घरातलं एकच तुंबलंय का सगळंच ते बघा. एकच तुंबलं तर ट्रॅपपाशी अडकलंय. सगळंच मागं येत असेल तर बाहेरची चेंबरची झाकणं एकेक करून उघडा. घराजवळचं चेंबर कोरडं असेल तर अडथळा घर आणि चेंबरच्या मधे. ते भरलं असेल तर पुढचं बघा, भरलेलं शेवटचं आणि कोरडं पहिलं ह्या दोघांच्या मधे अडकलंय. सगळीच भरली असतील तर रस्त्याकडची मेन लाईन तुंबली, तिथं पालिकेचं काम, तक्रार करून नंबर लिहून घ्या.

सेप्टिक टाकी भरली तर फक्त सक्शन गाडी बोलवा. कुणालाही आत उतरवू नका, पैसे कितीही द्यायची तयारी असली तरी नाही. आत वायू असतो, वास येईपर्यंत माणूस कोसळलेला असतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसरापण जातो. २०१३ च्या कायद्यानं माणूस उतरवून असलं धोक्याचं काम करून घेणं गुन्हा आहे. आमच्याच धंद्यातली माणसं जातात म्हणून कळकळीनं सांगतोय.

पलूसकर

आमच्या घरी अंगणातली ड्रेनेज लाईन दर एक-दोन वर्षांनी एकाच जागी तुटते. पाईप चांगल्या कंपनीचा आहे, मग असं का?

पाना_पक्कड

जमीन काळी आहे का? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, पाईप तिच्याबरोबर वरखाली होतो आणि जॉइंट निसटतो. नुसता पाईप बदलून उपयोग नाही. चर रुंद खणा, खालची काळी माती काढा, मुरूम नायतर वाळूचा थर द्या, त्यावर पाईप, बाजूनं आणि वरनंही वाळू, मग माती. भिंतीतनं पाईप बाहेर येतो तिथं सिमेंटमध्ये गच्च धरू नका, थोडी हलायला जागा ठेवा, बहुतेक वेळा तिथंच तुटतो.

गृहिणी_कराड

गीझरच्या खालच्या एका छोट्या तोंडातून पाणी ठिबकतं, मिस्त्री म्हणाला डमी लावून टाकू. लावू का?

वायरमन_जयसिंगपूर

अजिबात नाही ताई!! तो सेफ्टी वॉल्व आहे. पाणी तापताना फुगतं, दाब वाढतो, तो थोडं पाणी सोडून दाब कमी करतो. तापताना थोडं ठिबकणं चालतं. ते तोंड बंद केलं तर दाबाला वाटच राहत नाही, टाकी फुटू शकते. कायम धार लागली असेल किंवा वाफ येत असेल तर नुसता बोर्डवरचा स्विच बंद करून थांबू नका, एमसीबी पाडा, गीझर थंड होऊ द्या, थंड पाण्याचा अँगल कॉक बंद करा आणि थर्मोस्टॅट, वॉल्व दोन्ही तपासून घ्या. पाणी जड असेल तर वॉल्वमध्ये क्षार अडकून पण असं होतं. गीझर रिकामा असताना चालू करू नका, लाईन दुरुस्त झाल्यावर आधी गरम नळाला पाणी आलेलं बघा, मग स्विच.

मिरजेची_मावशी

पाना दादा, मुलाशी बोलले, खाली बॉल वॉल्व बसवून घ्यायचं ठरलंय. त्यासाठी वरची टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल का? आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, पाणी वाया जायला नको.

पाना_पक्कड

मावशी, वरचा गेट वॉल्व नीट बंद होत असेल तर टाकी रिकामी करायची गरज नाही, फक्त उभ्या पाईपातलं पाणी काढायचं, ते दोन-चार बादल्या भरून ठेवा. वॉल्व धरत नसेल तर टाकी रिकामी लागेल, मग पाणी यायच्या आदल्या दिवशी काम ठरवा, उरलेलं पाणी धुण्या-भांड्याला वापरून टाका आणि त्याच वेळी टाकीही घासून घ्या, आणि वरचा तो जुना वॉल्व पण त्याच दिवशी बदला, परत टाकी रिकामी करायला नको.

काम झाल्यावर टाकी भरली तरी एखाद्या नळाला पाणी येणार नाही, फुसफुस आवाज येईल. लाईनीत हवा धरलेली असते. सगळ्यात खालचा नळ पूर्ण उघडा ठेवा, हवा निघून गेली की धार सरळ लागते. तरीही नाही लागली तर ज्या नळाला पाणी येतंय त्याला आणि न येणाऱ्या नळाला एक रबरी नळी जोडून दोन्ही उघडा, पाण्याच्या जोरानं हवा मागं ढकलली जाते. आणि नळाची जाळी काढून धुवा, कामाचा कचरा त्यातच अडकतो.

मिरजेची_मावशी

बरं. शेजारच्या सूनबाईला पण दाखवून ठेवते कुठं आहे ते, चावी तिच्याकडे असतेच.